सुरी थांबवणारा लाडू

नागलीचा लाडू, लिंबाएवढा.

मोखाड्याच्या स्टँडवरचा वडापाव, वर तळलेली मिरची.

स्टीलच्या ट्रेमध्ये वीतभर काळं आतडं.

दवाखान्याच्या फाटकाशी गर्दी. प्रांजलबाबाने म्हणे अकरा जणांना ऑपरेशनच्या दारातून न कापता परत आणलं होतं.

लाडू हातावर ठेवत बाबा सांगायचा, "ऑपरेशनच्या सकाळी लाडू खा. आत विचारतील, तर खरं सांग. खऱ्यापुढे सुरी खाली बसते!"

साखरशेतच्या जिवाच्या जांघेत हर्नियाची गाठ होती. ऑपरेशनच्या पहिल्या तारखेला त्याने लाडू खाल्ला, ते टळलं. आज दुसरी तारीख, पुन्हा लाडू.

भूल देणाऱ्या डॉ. कशफ वैतागल्या. "दादा, उपाशी या म्हटलं होतं ना?"

"उपाशीच हाय. निस्ता परसाद खाल्ला."

जिवा परत. बाहेर जयजयकार.

त्याच्या मागोमाग शेजारच्या खाटेवरचा बारक्याही बाहेर आला. जिवाच्या बायकोने, रखमीने, विचारलं, "तुला का रं धाडला?"

"वडापाव खाल्ला, मावशी."

रखमी बाबाकडे वळली. "मंग वडापाववाल्याच्याबी पाया पडू का?"

लोक हसले. बाबाही हसला. "डॉक्टरांना कारण लागतं, माय. लीला कागदावर लिहिता येत नाही."

"लीला नाही," दारातून कशफ म्हणाल्या. "भूल दिली की माणसाला गिळता-खोकता येत नाही. पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीव जातो. म्हणून आम्हीच थांबतो. लाडू असो, भाकर असो, दुधाचा चहा असो."

"चल, पुढल्या तारखेला उपाशी येऊ," रखमी म्हणाली.

"दोनदा वाचलो ना?" जिवा म्हणाला, आणि बाबाच्या पाया पडला.

नवव्या दिवशी गाठीत आतडं अडकलं. जीपमध्ये तो गुरासारखा ओरडत होता. उपाशी ठेवायला वेळ नव्हता; भरल्या पोटी, धोका पत्करून भूल द्यावी लागली. आतड्याचा काळा पडलेला तुकडा कापावा लागला, जिवा वाचला. बाबा तेव्हा खोडाळ्याच्या बाजारात होता.

प्रसाद घ्यायचा तर ऑपरेशन झाल्यावर, डॉक्टर खायला सांगतील तेव्हा घ्या. त्याआधी किती तास खायचं नाही आणि पाणी कधीपर्यंत चालेल, हे भूल देणाऱ्यालाच विचारा. तोंडात गेलेलं काहीही लपवू नका. पोटाला प्रसाद आणि भाकर यांतला फरक कळत नाही.

पहिल्या तारखेला जिवाची गाठ बोटाने दाबली की आत जात होती, आतडं अजून धडधाकट होतं.