फिकट, अगदी फिकट गुलाबी

मित्रांनो, मी एक जुनी ब्युरेट आहे. लिंबागणेशच्या पुढच्या एका गावात कनिष्ठ महाविद्यालय आहे. तिथल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीशेजारी, लोखंडी स्टँडच्या चिमट्यात मी उभी असते. अंगठ्याएवढी जाड काचेची लांब नळी आणि अंगभर रेघाच रेघा. माझं शून्य वरच्या टोकाला असतं आणि पन्नास खाली. नवी मुलं यावरून हसतात. हसू देत बापडी! माझ्यात किती उरलं याला किंमत नसते, माझ्यातून किती गेलं ते मोजायचं असतं.

आणि माझ्यापुढे वाकावंच लागतं बरं का. द्रावणाचा खालचा बाक डोळ्यांच्या सरळ रेषेत आणल्याशिवाय रीडिंग बरोबर येत नाही. संस्थेच्या अध्यक्षांचा नातूसुद्धा माझ्यासमोर गुडघे वाकवून उभा राहिलाय. त्याचा थोडा तोरा आहे मला.

माझं काम सोपं आहे. खाली चंबूत मोजून घेतलेलं आम्ल असतं आणि त्यात रंग बदलून खूण देणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब. माझ्यात अल्कली भरतात आणि ते थेंबाथेंबाने चंबूत सोडतात. आम्ल संपलं की पुढच्या थेंबाला पाण्यासारखं द्रावण गुलाबी होतं. तिथेच थांबायचं. मग माझ्या अंगावरच्या रेघा बघून हिशेब करायचा. यालाच अनुमापन म्हणतात. आमच्या सत्यशीला मॅडम दर वर्षी एकच वाक्य घोकून घेतात, "फिकट, अगदी फिकट गुलाबी. गडद झालं की गेलं!"

मध्यंतरी पांढऱ्या प्लास्टिकच्या तोटीच्या नव्या ब्युरेट आल्या आणि माझी रवानगी कपाटात झाली. माझी खालची रबरी नळी तडकली होती. अंगावर धूळ साचली. फार वाईट दिवस होते ते. शेवटी शिपाई बबनरावांनी सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणली, तिचा तुकडा मला जोडला, थेंब अडवायला त्यावर चिमटा बसवला आणि म्हणाले, "आता चाल, म्हातारे." मी पुन्हा कामाला लागले आणि माझ्या वाट्याला अकरावीतला सुग्रीव आला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात इतका हळुवार हात मी दुसरा पाहिला नाही. तो फनेल आठवणीने काढायचा, टोकातला हवेचा बुडबुडा घालवायचा, चिमटा असा दाबायचा की अर्धा थेंबसुद्धा टोकाला थांबावा. त्याला पुढे माती परीक्षणाची प्रयोगशाळा काढायची होती. पण रीडिंग? सगळ्या वर्गाचं दहा पूर्णांक एक, याचं कधी अकरा, कधी साडेदहा, कधी बारा. चंबू जांभळट गडद होईपर्यंत हा थांबायचाच नाही.

शेजारच्या टेबलावरचा लखन कुजबुजायचा, "अबे, दहा पॉइंट एक लिही की. सगळ्यांचं तेच हाय."

"मला आलंच न्हाई, तर कसं लिहू?" सुग्रीव म्हणायचा आणि आलेलं रीडिंग लिहायचा. मॅडम चिडायच्या, "लक्ष कुठं असतं तुझं?" तो मान खाली घालायचा. मला बोलता येत असतं तर मी सांगितलं असतं की याचा हात चुकत नाही हो!

एक दिवस वर्गाचं प्रॅक्टिकल चालू असताना सुग्रीव आईला, सुनिताताईंना, घेऊन प्रयोगशाळेतच आला. त्याला विज्ञान सोडायचं होतं.

"आर्ट्सला टाका त्येला," सुनिताताई म्हणाल्या. "ध्यानच न्हाई ह्येचं, मॅडम. घरी बी तसंच. लाल मिरच्या तोडून आण म्हणलं, तर निम्म्या हिरव्याच घिऊन येतो. लई बोलते मी त्येला."

मॅडम एकदम थांबल्या. मग त्यांनी माझ्याखाली चंबू धरला आणि स्वतः थेंब सोडले. द्रावण छान फिकट गुलाबी झालं. चंबू पांढऱ्या टाइलवर ठेवून त्यांनी विचारलं, "सुग्रीव, काय दिसतं?"

"पाणी हाय, मॅडम."

त्यांनी आणखी दोन थेंब सोडले. "आता?"

"पाणीच हाय की."

लखनसुद्धा हसला नाही. "अरे, मग आधी का नाही सांगितलंस?" मॅडमनी विचारलं.

"मला वाटलं, समद्यांना असंच दिसतं. बाकीची पोरं ध्यान दिऊन बघत्यात, मीच कमी पडतो."

मॅडमनी सुनिताताईंना समजावलं की काही जणांचे डोळे जन्मतःच लाल-हिरवा रंग नीट ओळखत नाहीत. त्यात ना आळस, ना हयगय. सुनिताताईंनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. "मिरच्यांपायी उगंच मारलं रे तुला," एवढंच बोलल्या आणि पदराने डोळे पुसले.

मॅडमनी कपाटातून दुसऱ्या दर्शकाची बाटली काढली. हा दर्शक गुलाबी नाही, निळा होतो. सुग्रीवने मला धुऊन भरलं, बुडबुडा काढला, चिमट्यावर बोटं ठेवली. थेंब, थेंब, थेंब. आणि एकाएकी त्याची बोटं थांबली.

"निळं झालं!" तो ओरडला. मग गुडघे वाकवून माझ्याकडे बघितलं. दहा पूर्णांक एक. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. आर्ट्सचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

मित्रांनो, मला वापरून झाल्यावर धुवा, टोक जपा, कपाटात विसरू नका, एवढी विनंती मी तुम्हाला करणारच होते. पण आता त्याआधी दुसरी करते. एखाद्याचं उत्तर चुकलं, तर रागावण्याआधी त्याला काय दिसतंय ते विचारा. आमच्या मॅडम आता तेच करतात. नवी मुलं आली की पहिल्या दिवशी माझ्याखाली दोन चंबू ठेवतात, एकात साधं पाणी, दुसऱ्यात फिकट, अगदी फिकट गुलाबी. मग एकेकाला जवळ बोलावून हळूच विचारतात, "बाळा, तुला काय दिसतं?"