गुलाबचंदच्या डिझाईनची चोरी

जपानच्या कंपनीचे साहेब आमगावात येणार म्हटल्यावर गुलाबचंदने आपल्या राइस मिलला रंग दिला आणि पॉलिशरला झेंडूचा हार घातला. तांदूळ चमकवायच्या अशाच मशीनचा कारखाना कंपनीला भारतात काढायचा होता. जमीन गुलाबचंदची, पैसा त्यांचा. लेकाने, भुपेंद्रने, वर्षभर ईमेल करकरून जुळवत आणलेलं. आज साहेबांनी फक्त हो म्हणायचं बाकी. बायको धुरपताबाई नागऱ्याच्या महादेवाला नारळ बोलून आली होती, तेव्हा देवाच्या बाजूने काही कसर नव्हती.

साहेब हारातल्या मशीनपाशी थबकले. वाकून जाळी चाचपली, हवेचा पाइप पाहिला. "ओळखीचं वाटतं," इंग्रजीत म्हणाले.

भुपेंद्रने ते मराठीत सांगताच गुलाबचंदची छाती फुगली. "वाटणारच! त्यायचंच होय. रायपूरच्या मिलमध्ये खोलून पाह्यलं अन् हुबेहूब केलं. सांग ना बे साहेबाले, काऊन मुका झाला?"

"बाबूजींना तुमच्या कंपनीबद्दल फार आदर आहे," भुपेंद्रने साहेबांना सांगितलं.

साहेबांनी विचारलं, इथे कोणी डिझाईन चोरलं तर काय करता?

आता मात्र गुलाबचंदची जखम उघडली. "चोर! तो समोरचा इंद्रकुमार! माझी मशीन पाहून तशीच बनवली, अन् वरून विकून राहिला. माणसाले काही लाज?" आणि पुरावा दाखवायला त्याने साहेबांना हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं.

पुरावा पक्का होता. गुलाबचंदला नीट न जमलेला वाकडा पाइपही इंद्रकुमारने तसाच वाकडा उतरवला होता.

"या साहेब!" इंद्रकुमार हात जोडून म्हणाला. "असली माल इथं भेटते. गुलाबभाऊचा नकली."

साहेबांनी दोन्ही मशीनचे फोटो काढले, चहा घेतला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेले. आठवड्याने निरोप आला: जिथे डिझाईन सुरक्षित राहील, अशा दुसऱ्या देशात कारखाना काढतो आहोत.

"पाहा!" गुलाबचंद कडाडला. "एका इंद्रकुमारच्या पायी विदेशी पैसा परत गेला! चोरायच्या गावात कोण पैसा लावन?"

"मंग त्याच्यावर केस करा ना, अजी," धुरपताबाई हळूच म्हणाली.

"करतो ना. पण वकील म्हणते, डिझाईन आपलं असल्याचा कागद पाह्यजे." गुलाबचंद लेकाकडे वळला. "भुपेंद्र, त्या जपानवाल्यायले लिहून पाह्य. तेवढा कागद त्यायनंच देल्ला तर बरं होईन."