घाबरलेल्यांना सांगितलेलं

"ताउ, आल्फा, रो, पुन्हा आल्फा, आन् मंग ते वळनाचे दोन, सिग्मा, सिग्मा," एवढं सांगून सुमनबाई थांबली. ओळीवरचं बोट मात्र तिनं उचललं नाही.

समोर बाजेवर चर्चचे पाळकबाबा डोळे मिटून बसले होते. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले होते. तरुणपणी शिकलेलं ग्रीक डोक्यात शाबूत होतं, पण ग्रीक बायबलच्या पानावरचं वाचून दाखवायला कोणी नव्हतं. म्हणून त्यांनी सातवी शिकलेल्या सुमनबाईला ती अक्षरं शिकवली. रविवारी दुपारी उपासना आटोपली की ती त्यांच्या ओसरीवर येऊन बसे. ती अक्षरं सांगे, बाबा त्यांचा शब्द जुळवत आणि मग त्याचा अर्थ सांगत. तुमसरच्या पुढच्या त्या खाणवस्तीत ख्रिस्ती घरं मोजकीच होती. त्यांतल्या बायकांना या उद्योगाचं हसू येई. सुमनबाईला मात्र त्या तासाभरात बरं वाटे, कारण रविवारी खाण बंद असे.

बाकीचे दिवस तिला सोसत नसत. तिचा नवरा इश्वर पहिल्या पाळीला मँगनीजच्या खाणीत उतरे. पाळी सुटल्याचा भोंगा होऊन तो दारात दिसेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. खाणीच्या पाळणाघरात ती मजूर बायांची पोरं सांभाळायची. तिथंही एखाद्या पोराला थोपटता थोपटता तिचा हात मध्येच थांबायचा. सगळ्या वस्तीला हे ठाऊक होतं. त्यामुळंच चर्चच्या महिला मंडळाच्या आनंदाबाईंनी येत्या बुधवारच्या सभेत बोलायला तिला नेमकं तेच वचन दिलं होतं, शेवटच्या रात्री येशूनं शिष्यांना सांगितलेलं, तुमचं अंतःकरण घाबरं होऊ देऊ नका. त्यावर बोललीस तर तुझाच फायदा होईल, असंही त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. विश्वास असला की भीती राहत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. तेव्हापासून सुमनबाईला खाणीची एक आणि बुधवारची एक अशा दोन भीत्या झाल्या होत्या.

आज ते त्याच वचनातला 'घाबरं होणं' हा शब्द जुळवत होते. "हा शब्द पाण्याचा आहे," पाळकबाबा म्हणाले. यरुशलेमेतल्या तळ्याकाठी आजारी माणसं पाणी हलायची वाट पाहत पडलेली असत, तिथंही हाच शब्द आहे, असं त्यांनी सांगितलं. पाणी ढवळून निघणं, बुडाचं सगळं वर येणं. वैशाखात बोडीच्या तळ्यात म्हशी शिरल्या म्हणजे पाण्याचं जे होतं, ते.

"माह्या पोटात तं रोजच म्हशी शिरतेत, बाबा," ती म्हणाली. "मले बोलाले कायले लावून राहिल्या त्या? लोकं हासतीन."

बाबांनी तिला मागचं पान पलटायला सांगितलं. येशू जेवायला बसला आहे, तुमच्यातलाच एक जण मला धरून देईल असं सांगणार आहे, तिथं शोध म्हणाले. ती बोट फिरवत राहिली. ऊन ओसरीच्या कडेवर आलं तरी सापडेना. मग एका ओळीत तीच ओळखीची अक्षरं दिसली. मागंपुढं थोडा फरक होता, पण ताउ, आल्फा, रो, आल्फा तेच होतं.

"हे कोनाबद्दल लिवलं हाये, बाबा?"

"त्याच्याबद्दलच. त्याचा जीव ढवळून निघाला, असं आहे."

सुमनबाईनं त्या अक्षरांवरून पुन्हा बोट फिरवलं. मग तिनं विचारलं की जो स्वतःच घाबरला होता, तो दुसऱ्याला घाबरू नका असं कसं सांगतो. बाबांनी बुधवारच्या वचनातल्या त्या शब्दाचं रूप तिला समजावून दिलं. शांत बसलेल्या माणसांना, पुढं कधी घाबरू नका, असं सांगावं, तसं ते नव्हतं. ढवळलेल्यांनाच सांगितलं होतं की हे असंच चालू राहू देऊ नका. "घाबरलेल्यांना सांगितलंय, बाई. न घाबरणाऱ्यांना सांगून काय उपयोग?" आणि आणखी एक, ते म्हणाले. इथं 'तुमचं' हे पुष्कळांचं आहे, पण अंतःकरण एकच लिहिलं आहे. त्या भाषेची तशी रीतच आहे, त्यातून फार काही काढू नये असं शिकलेले लोक म्हणतात. पण मला अजून त्याचं नवल वाटतं.

ती घरी गेली ती गोंधळूनच. चुलीपाशी तिनं इश्वरला सगळं सांगून पाहिलं. तो हसला. मी रोज खाली जातो अन् रोज वर येतो, एवढं बुधवारी सांग, म्हणाला. त्या आठवड्यातही तिला घास गेला नाही.

बुधवारी दुपारी पाळणाघरात धुरपताचं तान्हं पोर तिच्या मांडीवर होतं आणि भोंगा वाजला. पाळी सुटायला अजून वेळ होता. भोंगा थांबेना, तेव्हा ती पोराला तसंच छातीशी धरून पळाली.

खाणीच्या तोंडाशी बायका जमत होत्या. वर दगड निवडणारी धुरपता काळ्या हातांनीच आली होती. तिचा नवरा तुलाराम आणि इश्वर एकाच टोळीत होते. खालच्या थरातलं छत खाली बसलं, एवढंच कळलं. किती माणसं आत आहेत ते ऑफिसातलं कोणी सांगेना. आनंदाबाई आल्या. त्यांनी हात वर करून मोठ्यानं प्रार्थना केली, ते वचन म्हटलं आणि बायकांना रडू नका, घाबरू नका, असं सांगितलं. बायका गप्प झाल्या. सुमनबाई झोपी गेलेल्या पोराला मांडीवर घेऊन धुरपताशेजारी जमिनीवर बसली.

धुरपता तिच्या कानाशी लागली. "बाई, तुमचा देव घाबरू नोको म्हनते. मी लय घाबरून राहिलो. मले पाप लागन का वो? माह्या पापानं त्याईले काई होईन का?"

"नाई लागत," सुमनबाई म्हणाली. "तोबी घाबरला होता."

"कोन?"

"आमचा देव. लिवलं हाये तसं. मी सोता वाचलं."

धुरपतानं तिच्याकडे पाहिलं आणि तिचा हात धरला. दोघी तशाच बसून राहिल्या.

ऊन कलल्यावर माणसं वर येऊ लागली. सगळ्यांचे चेहरे भुकटीनं सारखेच काळे होते, त्यामुळं प्रत्येकाकडं सगळ्या बायकांची नजर जाई. सुमनबाईनं इश्वरला चालण्यावरून ओळखलं. तो लंगडत तिच्यापर्यंत आला. ती उठणार तोच तिला कळलं की तिचा हात अजून धुरपताच्या हातात आहे. ती उठली नाही.

"तुमचा मानूस आला नं. जा तुमी," धुरपता म्हणाली.

"जातो. बसतो थोडी," सुमनबाई म्हणाली.

इश्वरनं धुरपताकडं पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हा सुमनबाईला समजलं. धुरपताला समजलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून दिसेना. ती खाणीच्या तोंडाकडंच बघत होती.

तुलारामला आणलं तेव्हा सगळे पुरुष उभे राहिले. त्याला ऑफिसच्या व्हरांड्यात ठेवलं. वर चादर घातली. धुरपता जवळ जाऊन बसली. तिनं चादर थोडी बाजूला केली, पाहिलं आणि पुन्हा घातली. ती ओरडली नाही. सुमनबाईच्या कडेवरचं पोर मात्र भुकेनं कळवळून रडू लागलं. धुरपतानं हात पुढं केले, त्याला घेतलं आणि तिथंच, नवऱ्याच्या उशाशी, चोळीची गाठ सोडून पाजायला लागली. भोवती माणसंच माणसं होती, साहेब होता, पोलीस येऊन उभे होते.

सुमनबाईनं आपला पदर खांद्यावरून सोडवला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि तिच्यापुढं आडोसा केला. थोड्या वेळानं तिचे हात खाली येऊ लागले. तेव्हा आनंदाबाई पुढं आल्या आणि त्यांनी पदराचं दुसरं टोक धरलं. इश्वर पाठ फिरवून उभा राहिला. पोराचं रडणं थांबलं होतं. आता फक्त त्याचं चुटुचुटु पिणं ऐकू येत होतं.