शिरटोपाला गुडघ्याचा हेवा

मी एक जुना शिरटोप आहे. मित्रांनो, तुम्ही मला हेल्मेट म्हणाल, पण हेल्मेट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मोटारसायकल येते आणि माझी किंमत एकदम उतरते. मी मैदानावरचा शिरटोप आहे. अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या डनमोर गावात शाळेच्या फुटबॉल संघासाठी मी उभी हयात टकरा खाल्ल्या. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव मत्सरी आहे. आजवर मी पुष्कळांचा हेवा केला, पण सगळ्यांत जास्त जळलो तो एका गुडघ्यावर.

हसू नका. पुढे ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. कढत प्लास्टिक साच्यात ओतलं, ते थंड झाल्यावर आत स्पंजाच्या गाद्या बसवल्या, तोंडापुढे लोखंडी जाळी ठोकली आणि हनुवटीखाली पट्टा लावला. मग गडद लाल रंग चढला. खोक्यातून मला बाहेर काढलं ते हॅगर्टी नावाच्या प्रशिक्षकांनी. सारा गाव त्यांना कोच म्हणायचा. त्यांनी मला बोटाने वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "हा टिकेल." ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

आमच्याकडचा फुटबॉल पायाने खेळायचा नसतो. लांबट चेंडू काखेत मारायचा आणि जीव घेऊन पळायचं, आणि बाकीच्यांनी अंगावर येऊन आडवं करायचं. तिथे डोकं वाचवायचं काम माझं. दर शुक्रवारी संध्याकाळी दुकानं बंद व्हायची आणि अख्खा गाव मैदानावर यायचा. चांगला खेळ झाला की कोच अस्वलाच्या पंजाचं चित्र असलेलं चिकटचित्र माझ्यावर लावत. पळायचं पोराने, पंजे माझ्यावर. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

लेव्हॉनने मला पंज्यांनी भरून टाकलं. सात नंबरचा लेव्हॉन. पळायला लागला की समोरच्यांना नुसती धूळ दिसायची. त्याला एकच खोड होती, खेळ थांबला की तो माझा हनुवटीचा पट्टा चावत बसायचा. त्याची आई अर्नेटा, जिला सगळे आदराने मिस अर्नेटा म्हणत, प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागच्या खिडकीत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा विकायची. पट्ट्यावरचे दातांचे ठसे पाहून ती म्हणायची, "घरी मी तुला उपाशी ठेवते असं लोकांना वाटेल रे!" तो हसायचा आणि पुन्हा चावायचा. मला राग यायचा का? छे. दुसऱ्या कुठल्या शिरटोपावर असे ठसे होते?

सामन्याआधी राष्ट्रगीत होई. बँड उभा राही, झेंडा वर जाई, पोरं पांढऱ्या रेघेवर ओळीने उभी राहत. उजवा हात छातीवर आणि मी डाव्या काखेत. तिथून मला लेव्हॉनच्या काळजाचे ठोके ऐकू यायचे. बूट बिचारे खाली चिखलात, गुडघ्यांची पॅडं विजारीच्या आत घामात, आणि मी मात्र काळजाशी. तेव्हा गुडघ्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. माझ्या लेखी गुडघा म्हणजे त्या पॅडातला बोटभर जाडीचा स्पंजाचा तुकडा, त्याला कोण विचारतो!

मग ती संध्याकाळ आली. सराव संपला. लेव्हॉनने मला खुंटीवर टांगलं आणि जोसायाला घरी सोडायला म्हणून निघाला. जोसाया संघातला धाकटा, लेव्हॉन दमला की त्याच्या जागी पळणारा. लेव्हॉन त्याला छोट्या म्हणायचा आणि रोज आपल्या गाडीतून सोडायचा. त्या दिवशीही त्याने जोसायाला त्याच्या दारात उतरवलं. पुढच्या वळणावर पोलिसांनी गाडी अडवली. मागचा दिवा फुटला होता म्हणे. लेव्हॉन गाडीचे कागद काढायला वाकला. शिपायाला वाटलं, हत्यार काढतोय. लेव्हॉन काळा होता, शिपाई गोरा. गोळी डोक्यात लागली.

मी खुंटीवर होतो.

चौकशी झाली. शिपायाचं काही चुकलं नाही, सगळं नियमाप्रमाणे झालं, असं ठरलं. गावातल्या गोऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी सुटकेचा निःश्वास सोडला. काळ्या माणसांनी आपल्या मुलग्यांना पुन्हा एकदा बसवून समजावलं, की गाडी अडवली तर हात वर ठेवायचे, वरच ठेवायचे.

पोरांनी एक गोल काळं चिकटचित्र करून आणलं, मधे पांढरा सात. ते प्रत्येक शिरटोपावर लागलं. आता तुम्ही म्हणाल, किती छान! मला मात्र बाकीच्या शिरटोपांचा संताप आला. लेव्हॉन माझा होता. यांच्या कुठल्या गादीला त्याच्या घामाचा वास होता? माणूस माझा आणि मिरवायचं यांनी!

वर्षअखेरीला सगळ्या शिरटोपांसारखा मीही दुरुस्तीला गेलो. घासला गेलो, नवा रंग चढला, आतल्या गाद्या बदलल्या. पट्टा बदलायचा तेवढा राहिला. नव्या हंगामात आमचा ढीग जमिनीवर ओतला, तेव्हा जोसाया गुडघ्यांवर बसून एकेक पट्टा चाचपत राहिला. माझा पट्टा हाताला लागला तसा तो थांबला. कोचना म्हणाला, मला हाच हवा. नवा सातही त्याने माझ्यावर स्वतःच्या हाताने लावला. मी पुन्हा डोक्यावर चढलो आणि आता सगळं ठीक होईल असं मला वाटलं.

पण शाळेच्या समितीकडे काही पालक गेले. खेळात राजकारण नको, म्हणाले. मेलेल्या पोराचा नंबर म्हणजे राजकारण कसं, ते मला आजही कळलेलं नाही. वरून हुकूम आला आणि कोचनी नखाने खरवडून एकेक सात काढला. माझ्यावरचा काढताना त्यांचं नख मोडलं. गोल चिकट डाग मागे राहिला आणि त्यावर धूळ बसली.

पुढच्या शुक्रवारी बँड सुरू झाला आणि जोसायाने मला काखेतून काढून गवतावर ठेवलं. चक्क गवतावर! आणि एक गुडघा टेकून, मान खाली घालून तो गाणं संपेपर्यंत तसाच राहिला. काळ्या माणसांवर गोळ्या चालतात, त्याच्या निषेधाला आमच्याकडे काही खेळाडू राष्ट्रगीताला असे टेकतात. मुंग्या माझ्या जाळीत शिरल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. मधोमध कोण? गुडघा. कडेला अर्धा कापलेला कोण? मी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टकरा मी खायच्या, सात माझ्यावरून खरवडायचा, आणि नाव व्हायचं त्या स्पंजाच्या तुकड्याचं!

त्यानंतर गावात दुसरा विषय उरला नाही. कपडे बदलायच्या खोलीत पोरं घरची भांडणं घेऊन यायची, त्यातून मला सगळं कळे. कुणाचे वडील म्हणत होते, ज्या झेंड्यासाठी आमची माणसं मेली त्याच्यापुढे उभं राहता येत नाही तर चालते व्हा. केस कापणारे मिस्टर ओडेल म्हणाले होते, चर्चमध्ये आपण देवापुढे गुडघे टेकतो तेव्हा तो देवाचा अपमान असतो का? कोणी म्हणे जागा चुकली, कोणी म्हणे वेळ चुकली. योग्य जागा आणि योग्य वेळ कोणती, ते मात्र कोणी सांगेना. जिकडे तिकडे गुडघा, गुडघा आणि गुडघा. मी कोपऱ्यात बसून जळत होतो.

अखेर कोचनी नियम काढला. ज्याला टेकायचं असेल त्याने गाण्याआधी आपला शिरटोप त्यांच्या हातात द्यायचा, आणि ज्याने दिला तो त्या सामन्यात खेळणार नाही. मला हायसं वाटलं. आता पोराला निवड करावी लागणार होती, मी की गुडघा. त्यात पुढच्या शुक्रवारी एका विद्यापीठाचा माणूस खास जोसायाचा खेळ बघायला येणार होता. त्याला खेळ आवडला तर जोसायाचं शिक्षण फुकट होणार होतं. एरवी त्याच्या घरच्यांना ते झेपणारं नव्हतं. एवढ्यावर कोणता शहाणा मला सोडील?

मिस अर्नेटानेही त्याला शेंगांच्या खिडकीशी बोलावून घेतलं. मी त्याच्या बोटांना लटकत होतो.

"शुक्रवारी उभा राहा, जोसाया," ती म्हणाली.

"तुम्हालाही मी चुकतोय असं वाटतं का, मिस अर्नेटा?"

"तसं नाही रे. माझा भाऊ लढाईवरून त्या झेंड्याखाली घरी आला, पेटीतून. ते गाणं लागलं की मला बसवत नाही, माझे पाय आपोआप उभे राहतात. तुझ्या पायांचं तू बघ. पण तो माणूस एकदाच येणार आहे. लेव्हॉनचं शिकायचं राहून गेलं. तुझं तरी होऊ दे."

जोसाया खाली बघून "बरं" म्हणाला. तिने त्याच्या हातात गरम शेंगांची पिशवी कोंबली. आणि मी? मी आनंदाने फुगलो. गुडघ्याला म्हटलं, बस आता विजारीत.

शुक्रवार आला. पायऱ्या गच्च भरल्या. विद्यापीठाचा माणूस वरच्या रांगेत बसला होता. पोरं रेघेवर उभी राहिली आणि मी जोसायाच्या काखेत, काळजाशी. ठोके फार जोरात पडत होते. बँडवाल्यांनी वाद्यं उचलली तेवढ्यात तो ओळीतून निघाला, सरळ कोचपाशी गेला आणि मला पुढे केलं.

"पोरा, तो माणूस वर बसलाय," कोच हळू आवाजात म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"मग असं का करतोस?"

"सात तुम्ही काढलात, कोच. तो कुठेतरी असायला हवा ना."

मी त्यांच्या हातात गेलो. जोसाया परत रेघेवर जाऊन टेकला. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला लेव्हॉन आठवला नाही, विद्यापीठ आठवलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की त्याने मला दिलं आणि गुडघा ठेवला.

बँड सुरू झाला. पायऱ्यांवरून हुर्यो उठली. त्या गोंगाटात मिस अर्नेटा खिडकीतून बाहेर आली. एप्रनला हात पुसत, धावपट्टी ओलांडून ती थेट मैदानात शिरली. तिला अडवायचं कुणाला सुचलं नाही.

"द्या इकडे," ती कोचना म्हणाली. "असा बादलीसारखा धरतात का?"

तिने मला घेतलं आणि डाव्या काखेत धरलं. उजवा हात छातीवर ठेवून ती टेकलेल्या जोसायाच्या शेजारी ताठ उभी राहिली. एक उभी, एक टेकलेला. हुर्यो करणाऱ्यांची पंचाईत झाली, कारण त्या बाईची हुर्यो करायची कशी? हळूहळू आवाज बसला. तिचा अंगठा माझ्या पट्ट्यावरून फिरत होता. फिरता फिरता दातांच्या ठशांपाशी तो थांबला, आणि गाणं संपेपर्यंत तिथेच राहिला.

गाणं संपल्यावर तिने मला कोचपुढे धरलं. "आता घाला त्याच्या डोक्यावर."

"मिस अर्नेटा, नियम आहे."

"असेल ना," ती म्हणाली. "माझ्या पोराचंही सगळं नियमाप्रमाणेच झालं."

कोचचा चेहरा पांढराफटक पडला. पण नियम त्यांनी मोडला नाही. जोसाया सामनाभर बाकावर बसून राहिला आणि मी त्याच्या पायांशी. विद्यापीठाचा माणूस मध्यंतरात उठून गेला, तो पुन्हा आला नाही. जोसाया आता दिवसा टायरच्या दुकानात काम करतो आणि संध्याकाळी गावातल्याच कॉलेजात शिकतो. तो तक्रार करत नाही, पण शुक्रवारी बँडचा आवाज आला की वर्गाची खिडकी लावून घेतो.

तो हंगाम माझा शेवटचा होता. वय झालेले शिरटोप आमच्याकडे करवतीने कापून फेकतात. माझी पाळी आली तेव्हा कोचनी मला बाजूला काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि मिस अर्नेटाच्या दारात नेलं. त्या चिकट डागावर त्यांनी नवा सात लावला होता, थोडा तिरका. आत ते आले नाहीत. तिने सात बघितला, त्यांच्याकडे बघितलं, आणि शेंगांची पिशवी त्यांच्या हातात दिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, त्यांनीही विचारलं नाही.

आता मी तिच्या काचेच्या कपाटात असतो. शेजारी तिच्या भावाच्या पेटीवरचा, तिकोनी घडी घातलेला झेंडा. खरं सांगू? मला त्याचाही हेवा वाटतो. त्याच्यासाठी सगळं गाव उभं राहतं. पण मिस अर्नेटा रविवारी आम्हा दोघांना एकाच फडक्याने पुसते, त्यामुळे फार भांडता येत नाही.

कधीमधी जोसाया जेवायला येतो. खुर्चीत बसला की त्याचे गुडघे अगदी माझ्या समोर येतात. ते पाहून अजूनही माझा जळफळाट होतो, आणि का होतो ते आता मला कळलंय. फोटोचं दुःख नव्हतंच ते. त्या गुडघ्याने लेव्हॉनसाठी काहीतरी केलं. मी तर शिरटोप! डोकं वाचवणं हे माझं एकुलतं एक काम. मैदानावर मी त्याला शंभर टकरांतून वाचवलं, आणि जेव्हा खरी वेळ आली तेव्हा खुंटीवर लटकत होतो.

मित्रांनो, मला पुसू नका, चमकवू नका, त्याने आता काही होत नाही. एवढंच करा. खेळ संपतो, पोरं आम्हाला खुंटीला टांगतात आणि उघड्या डोक्याने घरी निघतात. तिथून पुढे ती डोकी तुमच्या हवाली असतात.