शेळीनं ठरवलेला समास

“कुणी इस्वास ठेवणार नाय नानासाहेब, पण ह्या त्रैमासिकाचा समास एका शेळीनं ठरवलाय!” असं म्हणून काकासाहेबांनी छपाईचं मशीन थांबवलं.

औरंगाबादेत उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या छापखान्यात संपादक नानासाहेब मंडळाचा निर्णय सांगायला आले होते. पुढच्या अंकापासून इतिहासाच्या त्रैमासिकाचं पान लहान, मजकूर दोन रकान्यांत, समास जेमतेम बोटभर. कागद वाचेल म्हणे! निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर पहिला अंक निघाला तो काकासाहेबांच्याच हातचा. ऐसपैस पान, सलग ओळी आणि भोवताली चार बोटं मोकळी जागा. पुण्याच्या पंडितांनीसुद्धा ते पान उलटसुलट करून पाहिलं होतं. ते गेलं, तर जन्माची मिजास गेली.

“शेळीनं?” नानासाहेबांनी चष्मा वर केला.

“तर! पहिल्या अंकाच्या वेळी दोन नमुने छापून वाळत घातले होते. एक बोटभर समासाचा, एक माझा. तेवढ्यात ह्या सोनाजीची शेळी शिरली.” दारात बिडी ओढत बसलेल्या शेजारच्या सोनाजी धनगराकडं त्यांनी हात केला. “लहान पानाला तोंड लावलं, तर तळटिपा गडप, वेरूळचे निम्मे देव गडप, लेखकाचं आडनावसुद्धा गडप! माझ्या पानाचा नुसता समास खाल्ला. मजकुराशी आली आन् थबकली!”

“शिकलेली होती वाटतं.”

“औरंगाबादची होती साहेब, अदब होती तिला. हसू नका. वाचनालयवाले अंक बांधून घेतात. बांधणारा कडा छाटतो, पुन्हा बांधताना पुन्हा छाटतो. त्यो बी शेळीच. त्याला खायला समास ठेवा, नायतर मजकूर खाईल.”

नानासाहेबांनी फळीवरचा जुना बांधीव खंड उघडला. कडा दोनदा छाटलेल्या, तरी अक्षर न् अक्षर शाबूत. वर कुणाकुणाच्या पेन्सिलीच्या टिपांनाही जागा उरलेली. त्यांनी खंड हळूच मिटला.

“पान आहे तसंच राहू द्या. मंडळाचं मी बघतो.”

काकासाहेबांची छाती फुगली. इथं थांबायला हवं होतं. पण थांबतील तर ते काकासाहेब कसले! त्यांनी कपाटातून काचेत मढवलेलं पान काढलं.

“शेळीनं खाल्लेलं पान ते हेच! बघा, अक्षराला धक्का न लावता कसा सरळ रेघेत समास खाल्लाय!”

सोनाजीनं बिडी विझवली, उठून काचेला डोळा लावला.

“काका, जलम शेरडामागं गेला माझा. शेरडाला वरल्या जबड्यात म्होरं दातच नसत्यात, ते हिसडून तोडतंय. ही रेघ तुमच्या कटिंग मशीनची हाय!”