आधी घोडा

बाइंडरने पहिल्याच खेळीला घोडा बाहेर काढला आणि घड्याळाचं बटण दाबलं.

समोरच्या मेहुण्याचा हात पटावर येता येता थांबला. क्लबच्या अंतिम डावातही भाऊजी नेहमीसारखं वजिरापुढचंच प्यादं सरकवणार, असं तो धरून चालला होता.

मेहुणा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. त्याला बुद्धिबळ शिकवलं बाइंडरनेच, पुस्तकं शिवायच्या टेबलावर, खळीच्या वाट्या बाजूला सारून. आता तोच सगळ्या क्लबला पाणी पाजत होता. समोरच्याने वजिराचं आणि उंटाचं प्यादं काढलं, की हा राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकून फुकट देऊन मोकळा व्हायचा, आणि मग असा तुटून पडायचा की माणसं खुर्च्या ओढून बघायला जमायची. बाइंडर अकरा वर्षं क्लबचा विजेता. पण हल्ली त्याला दारातच विचारत, "मेहुणे नाही आले?"

घरीही तेच.

"बाळ्या खेळतो ना, बघत राहावंसं वाटतं," बायको भावाचं कौतुक करायची. "तुमचं म्हणजे कसं, बिनचूक."

तो शब्द बाइंडरला महिनाभर कुसळासारखा सलत होता. महिनाभर त्याने एकच गोष्ट घोटली होती. घोडा आधी आला, की मेहुण्याचं ते प्यादं पुढे येताच घोड्याकडून नुसतं मारलं जातं, बदल्यात काहीच मिळत नाही. मग सावकाश उंटापुढचं प्यादं, मग वजिरापुढचं. मांडणी शेवटी तीच. फक्त वाट वेगळी.

तसंच झालं. मेहुण्याने राजापुढच्या प्याद्याकडे दोनदा पाहिलं, ओठ चावला आणि ते एकच घर सरकवलं. तिसऱ्या खेळीला बाइंडरच्या सवयीची मांडणी पटावर उभी होती. एकेचाळिसाव्या खेळीला मेहुण्याने आपला राजा आडवा केला.

"वा, भाऊजी!" तो मोठ्याने हसला. "कोंडलंत कधी, कळलंच नाही. अरे या, बघा तरी!"

माणसं जमली, पण मेहुण्याच्या खुर्चीभोवती. जाता जाता कुणीतरी बाइंडरच्या पाठीवर थाप दिली. तो मान खाली घालून मोहरे पुन्हा मांडत राहिला.

"पहिल्यापासून दाखवा ना," मेहुणा म्हणाला. "नेमका फसलो कुठे?"

घोडा आधी काढला, तर आपण ते प्यादं टाळलं हे सगळ्यांना दिसलं असतं. बाइंडरने घोड्याला हात लावला नाही. त्याने वजिरापुढचं प्यादं सरकवलं. मेहुण्याने आपला घोडा काढल्यावर मग उंटापुढचं.

"हे असं," तो म्हणाला. "नेहमीचंच."

मेहुण्याचा हात राजापुढच्या प्याद्यावर गेला आणि तिथेच राहिला. ते पुढे टाकायची हीच वेळ होती. खऱ्या डावात ती आलीच नव्हती. त्याने भाऊजींकडे पाहिलं. बाइंडर पटाकडे बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

कोपराशी पडलेला, डावाच्या खेळ्या लिहिलेला कागद मेहुण्याने घडी करून खिशात टाकला.

"हो, असंच झालं," सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, आणि प्यादं एकच घर सरकवलं. "इथे माझीच हिंमत झाली नाही. हं भाऊजी, पुढे?"

बाइंडरला पुढची खेळी आठवेना.