डॉक्टरांना विचारून केले

"गुन्वोरबाई, वर्षभराच्या नोंदी पाहिल्या. प्रत्येकीखाली एकच ओळ, 'डॉक्टरांना विचारून केले'," हाल्वर म्हणाला. "मग इथं नर्सिंगच्या वरच्या पदवीची गरज आहे, असं मी कोणत्या तोंडानं लिहू?"

हाल्वर विद्यापीठातून आला होता. नॉर्वेच्या या उत्तरेकडच्या बेटांसाठी नर्सना पुढचे शिक्षण देणारा अभ्यासक्रम काढायचा की नाही, हे त्याच्या अहवालावर ठरणार होते. त्याने नाही म्हटले, तर गुन्वोरच्या हाताखालच्या तरुण नर्सला, मारेनला, शिकायला दक्षिणेत जावे लागणार. तिकडे गेलेली पोर परत येत नाही, हे गुन्वोरने चारदा पाहिले होते.

कॉफी ओतणाऱ्या मारेनला राहवले नाही. "सांग ना त्यांना, गुन्वोर. नाहीतर मी सांगते."

"तू गप्प बस गं."

एकतीस वर्षे गुन्वोर या बेटाची नर्स होती. डॉक्टर मंगळवारच्या बोटीने येत, तेही समुद्राची मर्जी असेल तर. बाकीचे दिवस टाके, अडलेली बाळंतपणे, छातीत कळ आलेले कोळी, सगळे हिच्याच गळ्यात. पण स्वतःचा टेंभा मिरवणे बेटावर कुणाला खपत नाही. म्हणून आधी करून मोकळे व्हायचे, मग डॉक्टरांच्या कानावर घालायचे आणि लिहिताना विचारून केले असे लिहायचे. आधीची नर्सही तसेच लिहायची.

गुन्वोरने चष्मा पुसला. "नऊ नोव्हेंबर काढा. योर्गनच्या छातीत हवा कोंडली होती. ओठ निळे पडले होते. सुई मी घातली. वादळानं दोन दिवस फोन बंद होते. विचारणार कुणाला, समुद्रपक्ष्यांना?"

"आणि तो माणूस?"

"कालच मासे टाकून गेला. मेल्यानं साफसुद्धा केले नव्हते."

हाल्वरला हसू आले, पण टिकले नाही. "हे लिहिलं तर तुमची चौकशी होईल. आणि अभ्यासक्रम निघाला की या जागेवर ती पदवीवालीच घेतील. तुमच्याकडे ती नाही."

"एवढं मलाही कळतं."

मारेनने किटली खाली ठेवली. गुन्वोरला आज स्वतःचा अभिमान वाटत होता, आणि त्याची लाज वाटत नव्हती. तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"लिहा, कुणालाही न विचारता केलं. खाली माझं पूर्ण नाव घाला," ती म्हणाली. "झालं? आता चौदा डिसेंबर काढा."